एअर पिस्तुलाचा ट्रिगर: तपास आणि दुरुस्तीच्या नोंदी

४ मार्च

पिस्तूल १० मीटर प्रकारातले, ४.५ मिमी, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारे. ट्रिगर यांत्रिक, दोन स्टेजचा: आधी हलकी ओढ, मग एक अडथळा लागतो (दुसरी स्टेज), आणि त्यापुढे दाबले की शॉट सुटतो. नवीन घेतलेले, वॉरंटी चालू.

तक्रार अशी: दुसऱ्या स्टेजवर बोट टेकवून थांबलेले असताना, दाब न वाढवता, शॉट सुटतो. नेहमी नाही. बरेच शॉट व्यवस्थित जातात आणि मधूनच एखादा असा निसटतो. शिवाय अधूनमधून ट्रिगर जड लागतो, आत काहीतरी घासल्यासारखा.

पहिला संशय बोटावर. नेमबाजीत तो बहुतेक वेळा खराच ठरतो. थकलेले बोट नकळत दाब वाढवते आणि बोलणी ट्रिगरला बसतात. म्हणून पिस्तूल प्रशिक्षक सरांच्या हातात दिले. त्यांनी काही शॉट मारले, पिस्तूल नळी टार्गेटकडे ठेवून टेबलावर टेकवले आणि म्हणाले, "हे तुझं बोट नाही. आजपासून यात गोळी घालायची नाही."

त्यामुळे इथून पुढे वेगळे लिहिले नसेल तिथे पिस्तूल रिकामे आणि सिलिंडर काढलेला, असे धरावे. हवेशिवाय हॅमर (व्हॉल्व्हवर आपटून हवा सोडणारा भाग) सोडलेला चालतो का, हे आधी पुस्तिकेत पाहून घेतले. माझ्या मॉडेलला चालतो. प्रत्येक पिस्तुलाला चालेलच असे नाही, काहींच्या व्हॉल्व्हला ते मानवत नाही.

५ मार्च

मोजमाप. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. (२५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाला १,००० ग्रॅम.) तपासणीची पद्धत साधी आहे: नळी उभी धरायची, ट्रिगरच्या मध्याजवळ वजन अडकवायचे, वजन सपाट पृष्ठभागावर टेकलेले असताना तिथून सावकाश वर उचलायचे. ट्रिगर सुटला नाही तर पास.

माझे पिस्तूल पास झाले. पुन्हा पुन्हा उचलले तरी पासच. स्पर्धेच्या तपासणीतून हे आरामात सुटले असते.

वजन कुठे अडकवतो याला फार महत्त्व आहे. ट्रिगर ही एक तरफ. ती ज्या खिळीवर फिरते तिच्यापासून २० मिमीवर ५०० ग्रॅम लागत असतील तर २४ मिमीवर, म्हणजे खालच्या टोकाकडे, साधारण ४१७ ग्रॅममध्येच काम होते. चार मिलिमीटरमध्ये ८० ग्रॅमहून जास्त फरक. "कालपर्यंत ५२० होता, आज ४५०" असे सांगणाऱ्यांनी आधी अडकवण्याची जागा तपासावी. मी ट्रिगरच्या पात्यावर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली आहे. यापुढचे सगळे आकडे त्या रेघेवरचे.

स्प्रिंगच्या ताणकाट्याने घेतलेले आकडे वेगळे लिहिले: कमीत कमी ४७०, जास्तीत जास्त ६१०. धड ट्रिगर एका मालिकेत १०–१५ ग्रॅमच्या पलीकडे हलू नये, निदान या दर्जाच्या पिस्तुलात तरी नाही. ५०० चे वजन पेलणारा ट्रिगर काट्यावर ४७० ला कसा सुटतो? काटा मी सावकाश ओढत होते, एवढाच फरक डोळ्यासमोर आहे. आज उत्तर नाही.

८ मार्च

स्वस्तातली कारणे आधी खोडायची.

ट्रिगरच्या पात्याचा स्क्रू घट्ट. पाते पुढेमागे सरकवून पाहिले, दोष तसाच. लाकडी ग्रिप पूर्ण उतरवली. हवेतल्या ओलीने लाकूड फुगते आणि ग्रिपची कड ट्रिगरच्या दांड्याला घासते, असे होते. ग्रिपशिवायही दोष तसाच. पहिल्या स्टेजचे वजन, दुसऱ्या स्टेजचे वजन, सिअरची (ताणलेल्या हॅमरला अडवणाऱ्या भागाची) पकड, मागचा थांबा, अशा सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. स्क्रू स्वतःहून फिरला तर रेघ तुटेल. संध्याकाळपर्यंत बरेचदा कॉक करून (हॅमर ताणून) सोडले. एकही रेघ तुटली नाही. म्हणजे सेटिंग हलत नाहीये.

क्लबचे आर्मरर (शस्त्रदुरुस्ती करणारे) काका वंगण पाहून वैतागले, पण माझ्यावर नाही. "हे कारखान्यातूनच एवढं आलंय? सिअरला ग्रीसचा वास पुरतो." जुने ग्रीस घट्ट होऊन धूळ धरते आणि ट्रिगर जड होतो, हे ते कायम सांगतात. दुसरे कायमचे वाक्य असे की, हवेच्या बाजूला साधे खनिज तेल जाता कामा नये. दाबाखाली ते पेट घेऊ शकते आणि रबरी रिंगाही खराब होतात. बाहेरून पोचता येईल तेवढे जादा ग्रीस कापसाच्या काडीने काढले. ट्रिगरचा जडपणा बराचसा गेला.

निसटणे मात्र राहिले. एकाच पिस्तुलात दोन दोष होते आणि मी ते एकाच कारणाखाली शोधत होते. आता एकच उरला, हे बरे झाले.

जाता जाता: ट्रिगरच्या आत नको तो पदार्थ साचण्याची गोष्ट किरकोळ नाही. २०१४ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफलींचे एक्समार्क प्रो ट्रिगर परत बोलावले, ते जुळणीच्या वेळी चिकटद्रव्य प्रमाणाबाहेर लागल्यामुळे. विशिष्ट परिस्थितीत रायफल आपोआप सुटू शकत होती. "स्क्रू सैल होतोय वाटतं, टाक दोन थेंब थ्रेडलॉकर" (स्क्रू धरून ठेवणारे चिकटद्रव्य) असा सल्ला देणाऱ्यांना मी हे सांगते.

१० मार्च

सापडले. निदान दिसले तरी.

५ तारखेचा "मी सावकाश ओढत होते" हा धागा धरला. ५०० ऐवजी ४५० ग्रॅमचे वजन रेघेवर अडकवले, उचलले आणि तसेच लटकत ठेवले. चांगल्या ट्रिगरने ते कितीही वेळ पेलायला हवे. पेलले, काही सेकंद. मग कुणी हात न लावता टक्.

पुन्हा केले. कधी लगेच, कधी अर्ध्या मिनिटाने, कधी सुटतच नाही. पण सुटते. आणि सुटण्याआधी भिंगातून पाहिले तर ट्रिगरचे पाते केसभर मागे सरकताना दिसते. दुसरी स्टेज अडून बसण्याऐवजी हळूहळू घसरत आहे.

आता नियमातली तपासणी यात का फसते ते कळले. तिथे वजन उचलले, पेलले, खाली ठेवले, एवढाच खेळ असतो. दोन सेकंदांत घसरण पूर्ण होत नाही. नेमबाज मात्र दुसऱ्या स्टेजवर चांगले पाच-सहा सेकंद टेकून राहतो. टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिमीचे. हात तिथे स्थिरावेपर्यंत दाब धरून ठेवावाच लागतो. दोष नेमका त्या वेळात घडतो.

दुसरे निरीक्षण जास्त कामाचे आहे. ड्राय फायरवर, म्हणजे गोळीविना सरावासाठी असलेल्या सोयीवर, हाच प्रयोग केला तर काहीही घडत नाही. वजन खुशाल लटकत राहते. माझ्या पिस्तुलात ड्राय फायरच्या वेळी मुख्य हॅमर ताणला जात नाही, फक्त ट्रिगरची आतली छोटी यंत्रणा सज्ज होते. म्हणजे सिअरवर हॅमरच्या स्प्रिंगचा भार असेल तरच घसरण होते.

यावरून माझा अंदाज. सिअर म्हणजे ताणलेल्या हॅमरला अडवून धरणारा पोलादी ओठ. त्याची कड आणि हॅमरची खाच ज्या कोनात एकमेकांवर टेकतात त्यावर सगळे ठरते. कोन अनुकूल असेल तर हॅमरचा जोर सिअरला आणखी आत ओढतो. ट्रिगर अर्धवट दाबून सोडला तर सिअर परत आपल्या जागी येतो. कोन सपाट असेल तर सिअर जिथे नेला तिथे राहतो. आणि कोन उलटा झाला असेल तर हॅमरचा जोरच सिअरला बाहेर ढकलतो. मग फक्त घर्षण त्याला धरून असते, आणि घर्षणाचा भरवसा नाही. वंगण, तापमान, धक्का, कशानेही ते बदलते. मॅच ट्रिगर हलका असावा म्हणून पकड मुळातच बारीक ठेवलेली असते. त्यात कड थोडी जरी गोलावली तरी कोन उलटा व्हायला वेळ लागत नाही.

अर्धवट दाबून सोडण्याची परीक्षाही केली: दुसऱ्या स्टेजमध्ये किंचित आत जाऊन बोट पूर्ण काढायचे आणि पुन्हा यायचे. दुसरी स्टेज दर वेळी त्याच जागी लागायला हवी. इथे पुढच्या खेपेला ती आखूड लागते. सिअर परत बसत नाहीये.

१३ मार्च

काकांशी चर्चा, उघडायचे की नाही यावर. ट्रिगर युनिटच्या दोन स्क्रूंवर कारखान्याचा लाल ठिपका आहे. तो फुटला की वॉरंटीचे बोलणे संपले. पण ते दुय्यम.

मुख्य कारण वेगळे. सिअर बाहेर काढला, कड गोल दिसली, तर हात शिवशिवणारच. एक बारीक दगड, चार हलके हात, कड पुन्हा धारदार. असे करणारे पुष्कळ आहेत आणि काहींचे ट्रिगर खरोखर सुरेख होतात, काही काळ. अशा भागांत पोलादाचा वरचा थरच कडक केलेला असतो, मिलिमीटरच्या काही दशांशांइतका, आत मऊ. दगडाने तो थर गेला की उरलेली कड नव्याहून लवकर झिजते. शिवाय कोन एक-दोन अंशांनी चुकला तरी डोळ्याला दिसत नाही. जिगशिवाय (कोन पक्का धरणाऱ्या साच्याशिवाय) हाताने तो साधत नाही. काका आयुष्यभर हे काम करत आले आहेत आणि तेही म्हणाले, "वॉरंटीत असताना मी हात लावणार नाही. तूही लावू नकोस."

पाठवायचे ठरले.

१४ मार्च

सेवा विभागाला पत्र. पहिला मसुदा खोडला, कारण त्यात "ट्रिगर विचित्र वागतो", "विश्वास वाटत नाही" अशी वाक्ये होती. समोरच्या तंत्रज्ञाला त्यातून काहीही करता येत नाही. पाठवलेला मजकूर साधारण असा:

"मॉडेल आणि अनुक्रमांक सोबत. ट्रिगर युनिट उघडलेले नाही, ठिपके शाबूत, छायाचित्र जोडले आहे. पूर्ण कॉक केलेल्या स्थितीत ट्रिगरच्या मध्यावर ४५० ग्रॅम लटकत ठेवल्यास ३० सेकंदांच्या आत बरेचदा सुटतो. ड्राय फायरवर असे होत नाही. ५०० ग्रॅम उचलण्याची नेहमीची चाचणी मात्र पास होते. अर्धवट दाबून सोडल्यावर सिअर जागेवर परतत नाही. वजन लटकवण्याची चित्रफीत, घड्याळासह, जोडली आहे. हा सुरक्षिततेचा दोष समजून पाहावे."

शेवटचे वाक्य काकांनी घालायला लावले. आरामाच्या तक्रारी रांगेत थांबतात, सुरक्षिततेच्या तक्रारी वर येतात, असा त्यांचा अनुभव.

१९ मार्च

उत्तर आले. "कृपया ट्रिगर स्वच्छ करून सेटिंग मूळ स्थितीत आणून पाहा." पत्र कुणी वाचले होते की नाही कोण जाणे. एका ओळीत कळवले की दोन्ही केले आहे, पत्राचा दुसरा परिच्छेद पाहावा. संध्याकाळी परतीचा क्रमांक आणि पत्ता मिळाला. वितरकामार्फतच पाठवा, अशी अट. शस्त्र म्हणून नोंद असलेली वस्तू सीमेपलीकडे जाते तेव्हा कागदपत्रे त्यांच्याच नावाने व्हावी लागतात, त्यामुळे अट रास्त आहे.

२२ मार्च

पॅकिंग. सिलिंडर पाठवायचा नाही. भरलेला सिलिंडर, २०० बारचा, कुरिअरवाले घेत नाहीत आणि घेऊही नयेत. माझी ग्रिपही ठेवून घेतली. ती हातावर घासून बसवलेली आहे, हरवली तर दुसरी तशी होणार नाही.

पाठवण्याआधी प्रत्येक स्क्रूची जागा वहीत उतरवली: पूर्ण आत नेईपर्यंत किती फेरे आणि किती अंश, मग परत तेवढेच बाहेर. पातळ्या, कोन, पात्याची खूण, सगळे. ठिपके असलेल्या दोन स्क्रूंना हात लावला नाही. डबा बंद करण्यापूर्वी आतल्या वस्तूंची यादी आणि वर क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. चित्रफितीचा दुवा छापून आत टाकला, कारण पत्रव्यवहार पाहणारा आणि पाना हातात घेणारा बहुधा वेगळा असतो.

१७ एप्रिल

पोचले. "रांगेत आहे."

६ मे

अहवाल, दोन ओळी: तपासणी केली, दोष आढळला नाही. यंत्रणा स्वच्छ केली, ट्रिगर ५१० ग्रॅमवर सेट केला.

इथे चिडून काही लिहिले असते तर पुढचे दोन महिने त्यातच गेले असते. दोष अधूनमधून येणारा असला की "आढळला नाही" हे उत्तर प्रामाणिकही असू शकते. पण तपासले कसे, हे त्यात कुठेच नाही.

९ मे

पिस्तूल परत. लाल ठिपके नवे आहेत. ४५० ग्रॅम लटकवले: मिनिटभर काही नाही. पाच मिनिटेही काही नाही. काट्यावर मालिका ५०५ ते ५२०. छान.

फक्त दुसरी स्टेज लांब झाली आहे. पूर्वी काच तडकावी तशी सुटायची, आता आधी थोडे अंतर सरकते आणि मग सुटते. सिअरची पकड वाढवली आहे, उघड आहे. पकड खोल केली की झिजलेल्या कडेपासून जरा आतला, चांगला भाग कामाला लागतो. घसरण थांबते. पण झिजलेली कड झिजलेलीच राहते, आणि सुटण्याच्या क्षणी सिअरला त्याच कडेवरून जायचे आहे. सरांना दाखवले. ते म्हणाले, "हे पांघरूण घातलंय."

तरीही त्यांच्या सेटिंगला हात लावायचा नाही असे ठरवले. उद्या दोष परतला तर "तुम्ही स्क्रू फिरवला" हे ऐकायचे नाही. ठिपक्यांचे जवळून छायाचित्र, तारखेसह.

१८ मे

परतला. दरम्यान गोळ्या घालून सराव केला होता, काळजीपूर्वक, दर सत्राच्या आधी लटकते वजन पाहून. आज सकाळी ४५० ग्रॅम चाळीसएक सेकंदांनी सुटले. ठिपके जसेच्या तसे. सराव बंद.

२० मे

दुसरे पत्र. या वेळी तक्रार कमी आणि प्रश्न जास्त. चाचणी पूर्ण कॉक करून केली की ड्राय फायरवर? वजन किती वेळ लटकत होते, की फक्त सुटण्याचा सर्वोच्च आकडा घेतला? सिअर आणि हॅमरची खाच बाहेर काढून भिंगाखाली पाहिली का? सोबत नवी चित्रफीत: एकाच चौकटीत वजन, घड्याळ, शाबूत ठिपका आणि अनुक्रमांक. कापाकापी नाही.

२४ मे

वितरकाने फोन जोडून दिला आणि पहिल्यांदाच एका तंत्रज्ञाशी थेट बोलणे झाले. माणूस सरळ होता. म्हणाला, तपासणी इलेक्ट्रॉनिक काट्यावर झाली, यंत्र ट्रिगर एका ठराविक वेगाने ओढते आणि सुटण्याचा आकडा नोंदवते. आणि हो, ड्राय फायरवर, कारण दिवसभर हॅमर आपटत बसायला नको. यात लपवण्यासारखे काही नव्हते, त्यांची पद्धत बहुतेक दोषांना पुरते. माझा दोष मात्र भाराखाली आणि संथ दाबाखालीच दिसतो, आणि त्यांनी नेमक्या त्या दोन्ही गोष्टी टाळल्या होत्या.

मी विचारले, "पहिल्या पत्रात हे लिहिलं होतं. चिठ्ठीवर दुवाही होता." थोडी शांतता. मग तो म्हणाला की त्याच्यापर्यंत फक्त कामाचा कागद आला, त्यावर "ट्रिगर हलका, सेट करणे" एवढेच होते. चार ओळींचे वर्णन नोंदणीच्या टेबलावर चार शब्दांचे झाले होते. त्याने थेट स्वतःच्या नावाने पाठवायला सांगितले.

२८ मे

पुन्हा रवाना. या वेळी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात: "पूर्ण कॉक. ४५० ग्रॅम. ६० सेकंद. ड्राय फायर नको." कागद ट्रिगर गार्डला दोऱ्याने बांधला, म्हणजे पिस्तूल हातात घेणाऱ्याला तो सोडवावाच लागेल.

तोपर्यंत क्लबचे पिस्तूल. त्याचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे. बोट एक स्विच चालवते आणि पुढचे काम सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी खटका) करतो, त्यामुळे बोटाला हॅमरचा भार जाणवतच नाही. अत्यंत एकसारखा. बॅटरी उतरली की मात्र काहीच नाही. सवय व्हायला वेळ लागतोय. यांत्रिक ट्रिगरची ती बारीक सूचना, "आता सुटेल", इथे मिळत नाही. काही जणांना तेच आवडते.

१९ जून

अहवाल. या वेळी पानभर. त्यांच्याकडेही घसरले, पहिल्याच मिनिटात. सिअरची कड गोलावलेली, हॅमरच्या खाचेवर त्याला जुळणारी झीज. दोन्ही भाग जोडीने बदलले. एकच बदलून चालत नाही, कारण नवी कड जुन्या खाचेवर टेकली की तिचा आकार घेते. सिअरची खिळीही बदलली. मागील थांबा नव्याने लावला.

शेवटी बिल. सिअर हा "झिजणारा भाग" असल्याने वॉरंटीबाहेर, असे त्यात होते.

यावर उत्तर द्यायला एक दिवस घेतला. मुद्दे तीन लिहिले. एक, हा भाग झिजतो हे मान्य, पण गोळ्यांची नोंदवही सोबत आहे आणि एवढ्या वापरात मॅच पिस्तुलाचा सिअर जात असेल तर तो सदोष मानावा लागेल. दोन, दोष मार्चमध्ये लेखी कळवला होता, पहिल्या खेपेला तो सापडला असता तर दुसरी वाहतूक लागलीच नसती. तीन, जुने भाग परत हवेत. तिसरा मुद्दा मागणी म्हणून लिहिला. त्याचा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

२६ जून

भाग आणि मजुरी त्यांची, एका बाजूची वाहतूक माझी. मान्य केले. आणखी ताणले असते तर कदाचित तीही सुटली असती, पण स्पर्धांचा मोसम जवळ आहे आणि पिस्तूल हातात नाही. कोणत्या पायरीवर भांडण थांबवायचे हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

४ जुलै

पिस्तूल आले. आधी सिलिंडरशिवाय सगळ्या परीक्षा.

लटकते वजन, ४५०, पूर्ण कॉक: तासभर ठेवून दुसरे काम केले. जागचे हलले नाही. ४८० वरही नाही. काट्यावर ५१० ते ५१८, संथ ओढले तरी तेच आणि झटकन ओढले तरी तेच. खरा फरक इथे आहे, वेगानुसार आकडा बदलत नाही. अर्धवट दाबून सोडले की दुसरी स्टेज त्याच जागी.

धक्क्याची परीक्षा: कॉक करून रबरी हातोडीने चौकटीवर वेगवेगळ्या बाजूंनी टपल्या, नळी सुरक्षित दिशेला. सुटले नाही. ही परीक्षा घसरणीहून वेगळे काही सांगते. इथे ट्रिगरच्या आणि सिअरच्या स्वतःच्या वजनाला मिळणारा झटका मोजला जातो. २०१७ मध्ये सिग सावरने पी ३२० पिस्तुलासाठी जी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली तिच्यामागे हेच होते: विशिष्ट कोनातून पडल्यास पिस्तूल सुटू शकत होते. सुधारणेत ट्रिगर, सिअर आणि स्ट्रायकर हलके केले गेले. टपल्या मारण्याची परीक्षा त्या पडण्याची बरोबरी करत नाही, पण काठावरची पकड तिच्यात सहसा उघडी पडते.

मग वहीतल्या जागांनुसार माझ्या सेटिंगवर आणले. पकडीचा स्क्रू सोडून, तो त्यांनी लावलाय तसाच राहील. दुसरी स्टेज पुन्हा आखूड आणि स्वच्छ आहे, त्यामुळे हात घालायचे कारणही नाही. एकूण वजन ५१५ च्या आसपास ठेवले. ५०१ वर ठेवण्यात हुशारी नाही. थंडी, वंगण, वजन अडकवण्याची पद्धत, यांत १० ग्रॅम सहज जातात, आणि नियमात वजन उचलायला जास्तीत जास्त तीनच प्रयत्न मिळतात.

१२ जुलै

सिलिंडर लावून, गोळ्या घालून पूर्ण मालिका, ६० शॉट, ७५ मिनिटांच्या आत, स्पर्धेप्रमाणे. एकही निसटला नाही. गुण सामान्य, पण ते माझे. आधी आणि नंतर लटकते वजन: ठीक.

२० जुलै

जुने भाग आले, एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत. काकांच्या टेबलावरच्या मोठ्या भिंगाखाली ठेवले.

कड गोलावलेली आहे, अहवालात होती तशी. पण पूर्ण लांबीभर नाही. चकाकी फक्त डाव्या तिसऱ्या भागात आहे, उरलेल्या कडेवर कारखान्याच्या घासणीच्या समांतर रेघा अजून शाबूत. हॅमरच्या खाचेवरही तेच, आरशातल्यासारखे उलट बाजूला. म्हणजे हॅमरचा सगळा भार पहिल्या दिवसापासून एका कोपऱ्यावर होता. कडक थर कितीही चांगला असला तरी तिप्पट दाबाखाली तो लवकर जाणारच.

काकांनी खिळी बोटांत फिरवली, मग मायक्रोमीटर लावला. खिळी गोल आणि सरळ. "मग वाकडं काय होतं?" असे मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "खिळी चांगली असेल तर भोक तिरकं असेल. नवी खिळी घालून तिरकं भोक सरळ होत नाही."

त्याच दिवशी तंत्रज्ञाला भागांची छायाचित्रे आणि एकच प्रश्न पाठवला: खिळी बदलताना चौकटीतले भोक मोजले होते का?

२५ जुलै

उत्तर: "मोजले होते, मर्यादेबाहेर होते. भोक मोठे करून बुश (आत बसणारी धातूची नळी) बसवला आहे. अहवालात लिहायचे राहिले, सुधारित अहवाल जोडत आहे."

अहवाल फाइलला लावला. नवा सिअर पूर्ण लांबीभर टेकतो का, हे युनिट न उघडता कळण्याची एकच वाट आहे: लटकते वजन, दर महिन्याला, त्याच पेन्सिलीच्या रेघेवर. पुढची नोंद ऑगस्टअखेर.